शब्दचर्चा: 'डिजिटल साक्षर' नक्की कोणाला म्हणायचं?

सरकारी जीआर, बातम्या, सगळीकडे 'डिजिटल साक्षरता' हा शब्द असतो. अर्थ काय धरायचा, कंप्युटर येणं की मोबाईल चालवता येणं? आणि 'संगणक साक्षरता' म्हणायचे आधी, ते वेगळं का?

-----

वेगळंच. संगणक साक्षरता हा एमएस-सीआयटी या संगणक कोर्सच्या काळातला शब्द, २००१ पासूनचा, त्यात वर्ड एक्सेल वगैरे आणि बऱ्याचदा नोकरीसाठी सर्टिफिकेट. डिजिटल साक्षरता गावोगाव पोचला तो २०१७ च्या पीएमजीदिशा म्हणजे प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानामुळे. २० तासांचा कोर्स, वय १४ ते ६०, घरटी एक माणूस, आणि मोबाईल, इंटरनेट, ईमेल, ऑनलाइन पैसे भरणं, सरकारी सेवा शोधणं असं सगळं त्यात. म्हणजे यंत्र कोणतं हे महत्त्वाचं नाही, त्यावर स्वतःच्या उपयोगाचं काम करता येतं का ते महत्त्वाचं.

-----

'घरटी एक' हे मला खटकतं. साक्षर माणूस होतो, घर नाही. योजनेत महिला, अनुसूचित जाती-जमाती, दारिद्र्यरेषेखालचे यांना प्राधान्य होतं हे चांगलंच, पण पोराला आलं म्हणून आईला आलं असं होत नाही ना. आणि साठीच्या पुढचे सरळ बाहेर, खरंतर पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यापासून सगळ्यात जास्त अडतं त्यांचंच.

-----

शब्द वापरताना अजून एक बघा. योजना मार्च २०२४ ला संपली तेव्हाचे आकडे, नोंदणी सुमारे ७.३५ कोटी, प्रशिक्षित ६.३९ कोटी, प्रमाणित ४.७७ कोटी. हे तीन शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि बातमीत मात्र सरसकट 'इतके कोटी लोक साक्षर झाले' असं छापतात. काम मोठंच झालंय, ६ कोटींचं उद्दिष्ट होतं ते प्रशिक्षणाच्या हिशोबाने ओलांडलं, पण प्रशिक्षित आणि साक्षर हे समानार्थी नाहीत.

-----

'डिजिटल'ला मराठी म्हणून 'अंकीय साक्षरता' कोणी सुचवायच्या आत सांगतो, नको, आकडेमोड वाटते. उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२ ते २७, वय १५ च्या पुढचे) संख्याज्ञान वेगळं आहे आणि डिजिटल साक्षरता जीवनकौशल्यांत आहे. आणि तिथे 'निरक्षर' ऐवजी 'असाक्षर' लिहितात, तो शब्द मला आवडतो, त्यात हिणवणं कमी वाटतं.

-----

माझा मुद्दा 'अक्षर' या भागाचा. वाचता न येणारी बाई व्हॉइस मेसेज पाठवते, व्हिडिओ कॉल करते, चिन्हं बघून पैसे पाठवते, तिला काय म्हणायचं? आणि मराठी सातवी झालेला माणूस फॉर्म भरायला बसला की कॅप्चा (माणूसच भरतोय ना हे तपासायला बघून टाइप करायची अक्षरं) इंग्रजी अक्षरांत येतो, तिथे तो अडतो, म्हणजे अडवतंय कोण, त्याचं अज्ञान की फॉर्म? २०२५ ला लाडकी बहीणची ई-केवायसी म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी आली तेव्हा ओटीपी दुसऱ्याला वाचून दाखवून काम करून घेणाऱ्या बायका कमी नव्हत्या. ओटीपी कशाचा आहे, कोणाला द्यायचा नाही आणि का, हे ज्याला कळतं त्याला मी साक्षर म्हणीन, सर्टिफिकेट असो नसो.

-----

पटलं. मग बातमीत 'प्रशिक्षित' लिहितो, 'साक्षर' नाही.