ओट्स-चॉकलेट चिप कुकीज ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतात. काय चुकत असावे?

प्रश्न
काल प्रथमच घरी या कुकीज केल्या. ११५ ग्रॅम बटर, ११० ग्रॅम ब्राऊन शुगर, ५० ग्रॅम पांढरी साखर, एक अंडे, पाऊण कप मैदा, १२० ग्रॅम रोल्ड ओट्स, अर्धा छोटा चमचा बेकिंग सोडा आणि १५० ग्रॅम चॉकलेट चिप्स असे प्रमाण होते. बटर मायक्रोवेव्हमध्ये पूर्ण वितळवले, सगळे मिसळून लगेच गोळे ठेवले आणि १८० अंश सेल्सिअसवर १४ मिनिटे भाजले. पहिल्या ट्रेतल्या कुकीज पसरट झाल्या, पण सुट्या राहिल्या. त्याच ट्रेवर लगोलग लावलेल्या दुसऱ्या खेपेची मात्र एकच जाळीदार चकती झाली. शिवाय गार झाल्यावर कुकीज दाताला लागतील इतक्या कडक झाल्या. मैदा वाढवावा का?

प्रतिसाद १
मैद्याला हात लावण्याआधी बटरकडे पाहावे. वितळलेल्या बटरचे मिश्रण मुळातच सैल असते, त्यामुळे ओव्हनच्या उष्णतेने कडा घट्ट होण्याआधीच गोळा वाहू लागतो. बोट दाबले असता खळगा पडेल, पण बोट तेलकट होणार नाही, इतपत मऊ बटर साखरेबरोबर दोन-तीन मिनिटे फेटावे. दुसरी खेप बिघडली ती तापलेल्या ट्रेमुळे. गोळे ओव्हनमध्ये जाण्याआधीच खालून वितळू लागले असणार. ट्रे पूर्ण गार होऊ द्यावा किंवा दोन ट्रे आलटून पालटून वापरावेत.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे, तरी वितळलेल्या बटरला सरसकट दोषी धरणे मला पटत नाही. मी नेहमी तेच वापरते, कारण त्याने कुकी अधिक चिवट होते. मात्र त्यानंतर मिश्रण झाकून किमान एक तास फ्रिजमध्ये ठेवावेच लागते. त्या वेळात बटर पुन्हा घट्ट होते आणि, ओट्सच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे, ते अंड्यातले व बटरमधले पाणी शोषून फुगतात. तासाभराने मिश्रणाची चकाकी गेलेली दिसते आणि चमचा त्यात उभा राहतो. मैदा आताच वाढवला, तर हेच मिश्रण मुरल्यावर कोरडे पडेल. कपाने मोजण्यापेक्षा तो वजन करून घ्यावा, कारण दाबून भरलेल्या आणि हलक्या हाताने भरलेल्या एका कपात सहज २५-३० ग्रॅमचा फरक पडतो.

प्रतिसाद ३
कडकपणाचे कारण १४ मिनिटे हेच आहे. कडा सोनेरी झाल्या आणि मधला भाग अजून ओलसर, किंचित फुगीर दिसत असला की, साधारण दहाव्या-अकराव्या मिनिटाला, ट्रे बाहेर काढावा. त्या वेळी कुकी कच्ची वाटते आणि आणखी दोन मिनिटांचा मोह होतो; तो आवरावा. गरम ट्रेवर पाच मिनिटांत ती आतून शिजते आणि उचलण्याइतकी सावरते. ब्राऊन शुगर ओलावा धरून ठेवते, म्हणून तिचे प्रमाण कमी करू नये.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आज बटर वितळवलेच, पण मिश्रण दीड तास फ्रिजमध्ये ठेवले, मैदा ९५ ग्रॅम मोजून घेतला आणि अकराव्या मिनिटाला ट्रे काढला. कुकीज सुट्या आणि जाडसर झाल्या. मोडल्यावर आत ओट्सचे अख्खे दाणे दिसतात. फक्त फ्रिजमधून काढलेल्या मिश्रणाचे गोळे करताना मनगट दुखून आले.

प्रतिसाद २
गोळे आधी करून ट्रेसकट फ्रिजमध्ये ठेवावेत.