गडव्याचं तोंड काहून वाकडं येतं?

मेडिकलवाला_मानेवाडा
नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला माझं औषधांचं छोटं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी १ ते ४ शटर खाली. पारा ४५ च्या घरात, गिऱ्हाईक सोडा, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. तर या तीन तासांत यंदा मी चित्रं काढून राहिलो. वय ४६. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो होतो, तेव्हा सरांनी माझ्या कागदावर लाल पेनने लिहिलं, "लोटा की भोपळा?" आणि तो कागद सगळ्या वर्गात फिरवला. त्यानंतर पेन्सिल धरली ती उधारी लिहायलाच.

सामान सगळं घरचंच. पितळी गडवा (लोटा), वरणाचा गंज (पातेलं), सराटा (उलथनं), खलबत्ता. गडवा आईच्या लग्नातला आहे, पोटाला एक पोचा पडलेला. पण त्याचं तोंड काही केल्या जमत नाही. कधी डोळ्यासारखं दोन्हीकडे टोकदार, कधी ताटाएवढं वासलेलं. बूड नीट सरळ काढतो, तरी गडवा टेबलावर बसल्यासारखा वाटतच नाही. त्यात चित्र अर्ध्यात आलं की आई गंज उचलून नेते, कुकर नको, वरण गंजातच शिजलं पाहिजे. मग मी मोबाइलवर फोटो घेऊन त्यावरून काढतो, तर ते आणखीच विचित्र. अन् स्टीलच्या गंजात पंखा, खिडकी, माझी बनियन सगळंच दिसतं. ते काढायचं की सोडून द्यायचं?

४० वर्षं या गडव्याने पाणी पिऊन राहिलो. डोळे मिटून सांगतो कसा आहे. मग कागदावर काहून येत नाही?

फळ्याची_धूळ
डोळे मिटून माहीत आहे, म्हणूनच येत नाही. तोंड गोल आहे हे तुम्हाला ठाऊक, म्हणून तुम्ही ते गोल उघडता. बूड टेबलावर सपाट टेकलंय हेही ठाऊक, म्हणून खाली पट्टी ठेवून मारल्यासारखी रेघ. दिसतं मात्र वेगळंच.

गडवा हातात घ्या, एक डोळा मिटा आणि तोंडाची कड बरोबर नजरेच्या उंचीवर आणा. नुसती आडवी रेघ दिसेल. आता हळूहळू खाली न्या, लंबगोल उघडत जाईल. नजरेच्या जितकं खाली तितकं जास्त उघडं. टेबलावरच्या गडव्याचं बूड तोंडाच्या खाली आहे ना? मग बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वळली पाहिजे. तुम्ही ती सरळ काढता, म्हणून गडवा बसत नाही.

पण आठ दिवस गडवा ठेवूनच द्या. काचेचा साधा ग्लास घ्या, अर्धा पाण्याने भरा. तोंडाचा, पाण्याचा, बुडाचा, तिन्ही लंबगोल एकदम दिसतात आणि मागची कडही लपत नाही. पाण्यातून बूड जरा वर उचललेलं दिसेल, दिसतं तसंच काढा. मधोमध उभी अंधूक रेघ घ्या, दोन्ही बाजू तिच्यापासून मोजा. आणि लंबगोलाला टोक नसतं. तिथे पेन्सिल थांबते म्हणून टोक येतं. मनगट टेकवू नका, खांद्यापासून हात फिरवा, कागदाला लावण्याआधी हवेतच दोन-चार फेऱ्या मारा.

लाल पेनाचं वाचून जरा थांबलो. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरीचं वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटचं स्थिरचित्र किती पोरांकडून करून घेतलं याची गणती नाही. मीही कोणाच्या कागदावर असं काही लिहिलं असेलच.

कूलरपुढे_बसलेली
दादा, ते फोटोवरून काढणं आधी बंद करा. मोबाइल वरून, जवळून धरला की भांड्याचं तोंड पसरतं अन् बूड चिमतं. आई गंज नेते तर नेऊ द्या नं. टेबलावर बुडाभोवती खडूने गोल आखून ठेवा, खुर्चीच्या पायांनाही खुणा करा. वरण झालं, गंज घासून आला, की परत त्याच जागी.

पण स्टील आत्ता नकोच. आलू घ्या. हसू नका, मी अख्खा एक महिना आलूच काढले. ट्यूबलाइट बंद, खिडकी बंद, एकाच बाजूने टेबललॅम्प. उजव्या हाताने काढत असाल तर दिवा डावीकडे, नाहीतर हाताचीच सावली कागदावर येते. आता नीट पाहा. सगळ्यात काळा भाग आलूच्या अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो, कारण टेबलावर पडलेला उजेड खालून परत कडेला लागतो. आलूखाली पांढरा कागद ठेवून एकदा काढा, मग काळं कापड टाकून. फरक लगेच कळतो. २बी आणि ४बी पेन्सिली बस झाल्या. खोडरबर फेकून द्या.

फळ्याची_धूळ
खोडरबर फेकू नका हो! काळ्यातून उजेड काढायला तो लागतो. फक्त बरोबर रेघ येईपर्यंत चुकलेली रेघ पुसू नका. पुसली की हात पुन्हा तिथेच जातो.

रात्रपाळी_बुटीबोरी
कपाचा कान जमत नसेल तर कान काढूच नका, कानाच्या आतलं भोक काढा. त्या भोकाचा आकार डोक्यात आधीपासून बसलेला नसतो, म्हणून डोळे खरंच पाहतात. कुकरच्या दांड्याचंही तेच.

अन् घरची भांडी म्हणून कमी लेखू नका. इटलीत बोलोन्याला जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) नावाचा चित्रकार होता. बहिणींसोबत राहायचा, झोपायच्या खोलीतच काम करायचा, आणि आयुष्यभर मुख्यतः बाटल्या, डबे, सुरया, त्याच त्या वस्तू जागा बदलून रंगवत बसला.

मेडिकलवाला_मानेवाडा
अकरा दिवसांनी लिहून राहिलो. ग्लास २३ झाले. पहिले पंधरा दाखवण्यासारखे नाहीत. सोळाव्याला पाण्याची कड एकदम आडवी पडली, म्हणजे पाणी खरंच ग्लासात आहे असं वाटलं. दुकानात खोकल्याच्या औषधाची बाटली दिली तरी मी आधी तिचं बूड पाहतो, गिऱ्हाईक विचारतं, एक्स्पायरी झाली का?

आलू चार काढले, पाचव्याची भाजी झाली.

काल गडवा परत घेतला. बूड वळवलं, अन् बसला बुवा टेबलावर. गंजही डोळे किलकिले करून पाहिला, तेव्हा पंखा-बनियन गेलं आणि नुसते काळे-पांढरे तुकडे उरले, तेवढेच काढले. संध्याकाळी दोन्ही चित्रं आईला दाखवली. चष्मा लावून बराच वेळ गडव्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "पोचा काहून काढला? पाहणारे म्हणतील, यांच्या घरी एक भांडं धड नाही."