गॅस परदेशी विकला की घरच्या माणसाला महाग पडतो, हे खरं का?

भट्टीवाला_कुंडई
नमस्कार मंडळी. कुंडई इस्टेटीत माझं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे, ग्रिल, गेट, अ‍ॅल्युमिनियम सेक्शन असली कामं. आधी ओव्हन सिलिंडरवर चालायचा, शेडच्या मागे सिलिंडरची रांग आणि पावसात ते बदलताना पोरं चिंब व्हायची, आता पाइपचा गॅस घेतलाय तर त्या बाबतीत सुख आहे पण भाव काही एका जागी थांबत नाही. ओव्हन एकदा १९० डिग्रीला गेला की मधेच बंद करणं परवडत नाही, परत तापायला पाऊण तास जातो.

परवा मावसबहीण आली टेक्सासहून, म्हणाली तिकडं लोक ओरडतायत की आमचा गॅस जहाजात भरून बाहेर नेतात आणि आमचीच बिलं वाढतात. मला वाटायचं विकणाऱ्या देशात तरी स्वस्ताई असणार. मग महाग नेमका कोणाला पडतो, त्यांना की आपल्याला? राजकारण नको, धंद्याच्या दृष्टीनं सांगा.

खतवाला_निवृत्त
भाऊ, मासळीवरून सांगतो. चांगली इसवण जेटीवरूनच निर्यातवाल्यानं उचलली की मडगावच्या बाजारात उरलेलीचा भाव कोण ठरवतो? बाहेरचा गिऱ्हाईकच ठरवतो. गॅसचं तेच. पाइपमधून देशातच फिरतो तोवर भाव घरचा. उणे १६२ डिग्रीला थंड केला की द्रव होतो, जागा सहाशेपट कमी लागते, जहाजात मावतो, आणि त्या दिवसापासून घरचा कारखानदार जपानच्या वीज कंपनीशी बोली लावायला लागतो. अमेरिकेनं २०१६ मध्ये लुइझियानातल्या सबीन पासहून मोठी निर्यात सुरू केली आणि २०२३ मध्ये जगात पहिला नंबर गाठला.

याचा पुरावा २०२२ मध्ये सगळ्यांनी बघितला. जूनमध्ये टेक्सासच्या फ्रीपोर्ट टर्मिनलला आग लागली, दिवसाला जवळपास दोन अब्ज घनफूट गॅस बाहेर जायचा थांबला. अमेरिकेतला भाव, ज्याला हेन्री हब म्हणतात, दर एमएमबीटीयूला (गॅस मोजायचं एकक) नऊ डॉलरच्या आसपास होता तो महिना संपायच्या आत सहाच्या खाली आला. युरोपात उलट चढला, अर्थात तिथं रशियाचंही कारण होतं.

आणि मार सगळ्यांना सारखा बसत नाही हे लक्षात घ्या. घरच्या बिलात पाइपलाइन, वितरण, मीटर हे सगळं असतं, गॅसची किंमत त्यातला एक भाग. खताच्या कारखान्यात गॅस म्हणजे कच्चा माल, युरियाच्या खर्चात सत्तर-ऐंशी टक्के तोच. आपल्या झुवारीनगरचा कारखाना वर्षानुवर्षं नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या द्रवावर होता, दाभोळहून पाइपलाइन आली तेव्हा गॅसवर गेला. प्लांटमध्ये उभं राहून बघितलंय, भाव दोन डॉलरनं सरकला की वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे चेहरे बदलायचे.

ब्रिस्बेनहून_डिचोलकर
काकांचं बरोबर, पण अमेरिकेवरून सगळं ठरवू नका. फ्रीपोर्ट बंद असतानाच ऑगस्टमध्ये तिथला भाव परत नऊच्या वर गेला, उन्हाळा कडक होता. आणि २०२४ मध्ये निर्यात भरपूर असून सरासरी भाव सव्वादोन डॉलरच्या आसपास, कारण शेलचा, म्हणजे खडक फोडून काढलेला गॅस इतका निघतो की पश्चिम टेक्सासात पाइपलाइन अपुरी पडून काही दिवस भाव शून्याच्या खाली गेला. म्हणजे विहिरीतून पाणी वाढत असेल तर शेजाऱ्याला दोन घागरी दिल्या तरी चालतं.

मी राहतो तिथं, ऑस्ट्रेलियात, विहीर वाढली नाही. क्वीन्सलंडमध्ये ग्लॅडस्टनला एकदम तीन निर्यात प्रकल्प उभे राहिले, २०१५ च्या सुमारास जहाजं सुटायला लागली, करार आधीच करून ठेवलेले आणि विहिरींतून गॅस अंदाजापेक्षा कमी निघाला. पूर्व किनाऱ्यावर गिगाज्यूलला (इथलं गॅसचं माप) तीन-चार ऑस्ट्रेलियन डॉलरला मिळणारा गॅस दहाच्या घरात गेला. आमच्या इथल्या गिब्सन आयलंडच्या खत कारखान्याला परवडेल असा गॅस करारच मिळेना, २०२२ च्या अखेरीस उत्पादन बंद झालं. जगातल्या मोठ्या निर्यातदार देशात गॅस नाही म्हणून कारखाना बंद, हे मला अजून पचत नाही. त्याच डिसेंबरमध्ये सरकारला १२ डॉलरची मर्यादा घालावी लागली. पश्चिम ऑस्ट्रेलियानं मात्र २००६ पासूनच १५ टक्के गॅस घरच्यांसाठी राखायचा नियम केला, तिथं हा गोंधळ झाला नाही. राखीव वाटा आधी ठेवायचा असतो, जहाज सुटल्यावर नाही.

माशेलची_वैनी
आमच्या घरच्या बिलात एवढी उलथापालथ दिसली नाही, मग भावजींच्याच बिलात का?

खतवाला_निवृत्त
वैनी, आपल्याकडं गॅस निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो. देशातल्या जुन्या विहिरींचा स्वस्त गॅस आधी घरगुती जोडण्यांना देतात, २०२३ मध्ये त्याला साडेसहा डॉलरची मर्यादा घातली. कारखान्याच्या वाट्याला येतो तो मुख्यतः आयात केलेला.

आणि भाऊ, तुमच्या मावसबहिणीला हे सांगा. गेल या आपल्या सरकारी गॅस कंपनीचा सबीन पासचा करार हेन्री हबच्या ११५ टक्के अधिक तीन डॉलर असा आहे, वर जहाजाचं भाडं. त्यातलं पहिलं जहाज २०१८ मध्ये दाभोळलाच लागलं. म्हणजे तिकडं तिचं बिल चढलं की त्याचा धक्का इकडंही पोचतो. तुमच्या करारात दर कशाला बांधलाय ते बघितलंय का? कच्च्या तेलाला, हेन्री हबला की त्या महिन्याच्या खुल्या बाजाराला? २०२२ मध्ये खुल्या बाजारावर होते ते होरपळले, मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी बर्नर बदलून प्रोपेन, म्हणजे सिलिंडरच्या गॅसच्या जातीचं इंधन धरलं.

भट्टीवाला_कुंडई
खरं सांगतो काका, करार काढून आत्ता वाचला, तीन वर्षं फाइलमध्ये पडून होता. दर कसा ठरतो ते एका ओळीत, "वेळोवेळी कळवल्याप्रमाणे" एवढंच. उद्या पत्र टाकतो की सूत्र लेखी द्या, आणि शेडमागची सिलिंडरची जुनी लाइन काढायला माणूस बोलावला होता त्याला नको म्हणून सांगतो.