मदत हवी आहे: जपानी सुरीचा टवका उडालाय, वॉरंटीत पाठवू की घासून घेऊ?

२१० मिमीची ग्युटो (जपानी शेफची सुरी) आहे. मधलं पोलाद व्हीजी-१० या कठीण जातीचं, दोन्ही अंगांना मऊ पोलादाचं आवरण. टोकापासून ५ सेंमीवर २ मिमी खोल टवका उडालाय आणि तिथून एक बारीक रेघ वर चढल्यासारखी वाटते. बिल आहे, वॉरंटी 'लाइफटाइम'. वापर फक्त भाज्या आणि बोनलेस चिकनसाठी. विक्रेता म्हणतो, धारवाल्याकडून घासून घ्या.

प्रतिसाद १
आत्ता घासू नका. एकदा दगड लागला की पुरावाच गेला, आणि बऱ्याच कंपन्या त्याच कारणावरून दावा नाकारतात.

'लाइफटाइम' म्हणजे माल किंवा बनावटीतला दोष. नुसता टवका सहसा वापरातला धरतात. व्हीजी-१०चा कठीणपणा ६० रॉकवेलच्या आसपास आणि धार एका बाजूला जेमतेम १५ अंशांची. गोठलेलं मांस, आंब्याची कोय, लाल भोपळ्यात अडकलेलं पातं पिळून काढणं, एवढ्यानं ती तुटते.

पण रेघ असेल तर गोष्ट वेगळी. पातं साबणानं धुऊन कोरडं करा, त्या जागी रॉकेल लावून १५ मिनिटं ठेवा, मग पूर्ण पुसून खडूची बारीक पूड भुरभुरा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पुडीत ओली रेघ उमटवतं. नुसता ओरखडा असेल तर सहसा काही उमटत नाही. तुटलेला पृष्ठभागही भिंगातून बघा. ताजी तूट राखाडी, दाणेदार असते. काही भाग काळपट असेल तर तडा जुना, कदाचित पोलादाला पाणी देतानाचा (तापवून झटकन थंड करून कठीण करतानाचा). गंजानंही काळं पडतं, म्हणून एवढ्यावरच भिस्त नको.

धागाकर्ता
रेघ उमटली. टवक्याच्या वर अंदाजे ३ मिमी.

प्रतिसाद १
मग सुरी वापरातून काढा, तुकडा जेवणात जाऊ शकतो. पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो, खडूच्या रेघेचा फोटो आणि बिल विक्रेत्याला ईमेलनं पाठवा, फोनवर नको. 'टवका' नव्हे, 'पात्यात तडा' असंच लिहा. उडवाउडवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. स्वतः परदेशी पाठवणं शेवटचा उपाय: 'दुरुस्तीसाठी परत' असे कागद नसतील तर येताना कस्टम ड्यूटी लागू शकते. पाठवताना धारेवर दुमडलेला पुठ्ठा, टोकाला बूच, वरून घट्ट चिकटपट्टी.

प्रतिसाद २
दावा फेटाळला तर काय, तेही सांगतो. तडा संपेपर्यंत घासावं लागेल, म्हणजे २ + ३ = ५ मिमी. एवढी उंची गेली की धारेमागचं पातं जाड होतं आणि सगळं पातळ करत बसावं लागतं. माझ्या मते हे परवडत नाही, बदलूनच मागा.

तडा नसलेला २ मिमीचा टवका मात्र घरी निघतो. मार्करनं नवी धाररेषा आखा. २२० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा; कमी आकडा, तितका खरखरीत) ओल्या दगडावर पातं उभं धरून रेषेपर्यंत घासा. फक्त खाचेपाशी घासलंत तर तिथे खळगा पडेल आणि कोथिंबीर कापताना काड्या जोडलेल्याच राहतील, म्हणून टाचेपासून (धारेचा मुठीकडचा भाग) टोकापर्यंत सारखं न्या. मग आधी धारेमागचा भाग पातळ करा, नंतर १५ अंशांत दोन्ही बाजू, घासताना पलीकडच्या बाजूला वळलेल्या पोलादाचा बारीक कंगोरा बोटाला लागेपर्यंत. पुढे १००० आणि ३००० ग्रिट.

धारवाल्याच्या कोरड्या चाकावर धार क्षणात तापते. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं; तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय तिथे धार टिकत नाही.