राजापूरचा मतदार लाटेवर वाहणारा?

तळकोकणी
काल एक पोस्ट वाचली: "शिवसेना येण्याआधी तळकोकणात राजकारण नव्हतंच, मतदार लाट येईल तिकडे वाहायचा." रात्रभर डोक्यातून जाईना. अहो, 1957 पासून 1991 पर्यंत तळकोकणातल्या राजापूर मतदारसंघाने काँग्रेसचा एकही खासदार दिल्लीला पाठवला नाही. नाथ पै तीनदा निवडून आले, जानेवारी 1971 मध्ये ते गेले, मग मधु दंडवते सलग पाचदा. 1971 ला सगळा देश इंदिराबाईंच्या मागे होता. दंडवत्यांच्या प्रजा समाजवादी पक्षाला मिळाल्या 2 जागा, त्यातली एक आमची. 1984 ला महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसला गेल्या, तरी दंडवते आले. वाहणारी माणसं असं मत देतात?

माझी आजी अंगठा उठवणारी. 1984 ला पाय मोडून पडली होती. खुर्चीत बसवून चौघांनी शाळेपर्यंत उचलून नेली. कुणाला दिलंस विचारलं तर म्हणाली, "नाथाच्या माणसाक." नाथ पैंना जाऊन तेव्हा चौदा वर्षं होत आली होती.

वेंगुर्ल्याचा वारा
आणि 1957 ला संयुक्त महाराष्ट्राची लाट नव्हती? 1977 ला आणीबाणीचा राग नव्हता? सोयीची सालं तेवढी उचलायची. नाथ पै आमच्या वेंगुर्ल्याचे, त्यांच्याबद्दल शब्द नाही. पण दंडवते नगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. दुसऱ्याच्या पुण्याईवर वीस वर्षं खासदारकी, आणि गावाला काय मिळालं? मी लहानपणी कशेडी घाटात एसटीच्या खिडकीतून ओकत गावी जायचो. ते तुमच्या आकड्यात कुठे बसतं?

रुळाशेजारी
गावाला काय मिळालं? रेल्वे! 1977 ला रेल्वेमंत्री झाल्यापासून हा माणूस कोकण रेल्वेच्या मार्गामागे होता. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम आला तोही त्यांच्याच काळात. 1990 ला कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा अर्थमंत्री कोण होतं, जरा आठवा. हेच दंडवते.

वेंगुर्ल्याचा वारा
रेल्वेमंत्री कोण होतं तेही आठवा. जॉर्ज फर्नांडिस. आणि डोंगर फोडले ते महामंडळाचे प्रमुख श्रीधरन यांच्या लोकांनी. सगळं श्रेय एकाच फोटोला हार घालून द्यायचं का?

रुळाशेजारी
पैसा उभा केल्याशिवाय डोंगर फुटतो? केंद्राचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, बाकी कर्नाटक, गोवा, केरळ, आणि वर कर्जरोखे. ही मोट अर्थखात्याशिवाय बांधली गेली असती असं तुम्हाला खरंच वाटतं? तसं असेल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

काजूवाली
श्रेयाचं भांडण पुरुषांनी करावं. आमच्या काजूच्या बागेतून लाइन गेली. माझ्या सासऱ्यांनी हाताने लावलेली झाडं, ऐन फळावर आलेली. भरपाईच्या कागदासाठी ते किती खेपा मारत होते, ते मी पाहिलंय. दर वेळी साहेब जागेवर नाहीत. पिशवीत सातबारा घेऊन संध्याकाळी परत. आज त्याच बागेतून गाड्या धडधडत जातात आणि आमच्या स्टेशनला थांबत नाहीत.

चाकरमानी
ताई, थांबल्या तरी आत पाय ठेवायला जागा कुठे असते? गणपतीचं आरक्षण उघडतं आणि चहा पिऊन होईपर्यंत संपतं. दुपदरीकरण 2021 ला रोहा ते वीर झालं. वीर रायगडात! पुढे एकच लाइन, क्रॉसिंगला तासभर उभे. सुरेश प्रभू राजापूरचे चारदा खासदार, पुढे स्वतः रेल्वेमंत्री. त्यांना विचारा.

रुळाशेजारी
रेल्वेमंत्री असताना ते राज्यसभेवर होते. कोकणने 2009 ला त्यांना पाडलं होतं. घरच्या माणसाला पाडायचं आणि मग गाडी थांबत नाही म्हणून रडायचं.

चाकरमानी
रडायचं? पोर मांडीवर घेऊन शौचालयाच्या दाराशी रत्नागिरीपर्यंत आलोय मी. तुम्ही या एकदा, मग बोला.

तळकोकणी
भांडण रेल्वेवर गेलं, मूळ मुद्दा तसाच राहिला. मी म्हणतो की इथला मतदार स्वतःच्या डोक्याने मत देतो. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर राजापूर नाव गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग झालं. 2009 ला काँग्रेसचे नीलेश राणे, 2014 ला त्यांनाच दीड लाखाने पाडून शिवसेनेचे विनायक राऊत, 2019 ला पुन्हा राऊत, 2024 ला भाजपचे नारायण राणे सुमारे 48 हजारांनी. ही काय एका पक्षाची जहागीर?

वेंगुर्ल्याचा वारा
2014 आणि 2019 ला मोदींची लाट होती आणि राऊत भाजपच्या युतीत होते. हे तुमच्याच विरोधात जातंय.

तळकोकणी
बरं, ती दोन सालं सोडतो. 1957 आणि 1977 पण घ्या. 1962, 1967, 1971, 1980, 1984 उरतात. त्यांचं काय करता?

वेंगुर्ल्याचा वारा
1991 चं तुम्ही काय करता ते आधी सांगा. महामंडळ होऊन वर्ष झालं नाही तोच काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी दंडवतेंना हरवलं. माझं पहिलं मत होतं ते, आणि मी दंडवतेंना दिलं नाही. आम्हाला कामधंदा हवा होता, संसदेतली भाषणं नको होती. 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला. पुढे आईला पहिल्यांदा गाडीने मुंबईला नेलं तेव्हा ती खिडकीशी बसून बोगदे मोजत होती. उलटी झाली नाही तिला. त्या दिवशी मला माझं मत आठवलं, एवढंच सांगतो.

1971 आणि 1984 तुमची. बाकीच्या सालांवर मी अजून भांडणार.