अर्थशास्त्राची पुस्तकं: पचलेली, अडकलेली, माठाखालची

गोदाकाठची: माळा आवरताना बाबांची पिशवी सापडली. आत बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची झेरॉक्स. बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटा डोळ्यांसमोर, आणि वीस तारखेनंतर घरात उसनवारी. पुस्तक १९२३चं, त्यात थेट केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाशी वाद. रुपयाला परदेशी चलन किती मिळतं ते सोडा, बाजारात त्याचं काय येतं ते स्थिर हवं, असा रोख. तिथेच समासात बाबांनी पेन्सिलीने तूरडाळीचे भाव मांडलेत, १९८७ ते ९१. मांडी घालून माळ्यावरच बसले. विचारांची पुस्तकं खूप वाचली, पण जिथे शेवटी बाजारची पिशवी दिसते तीच राहिली. तुमचं सांगा.

निफाडकर: आम्ही न वाचताच पास. औंदा भाव म्हणून सगळे कांदा लावतात, पुढच्या साली लासलगावला ट्रॅक्टरची रांग. पुतण्या म्हणाला, काका याला कॉबवेब म्हणतात, कोळ्याचं जाळं. बरं झालं, नाव तरी मिळालं. पण त्या आकृतीत डिसेंबर २०२३ची निर्यातबंदी कुठंय?

सुमनकाकू: पिशवीचं वाचून भरून आलं गं. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सातपूरचा फिटर: ॲडम स्मिथची टाचणी!! 'वेल्थ ऑफ नेशन्स', १७७६. १० माणसं, कामाचे १८ तुकडे, दिवसाला ४८,००० टाचण्या. एवढंच सगळे सांगतात. पण पुढे त्याच पुस्तकात म्हणतो की जन्मभर एकदोनच कामं करणारा माणूस मठ्ठ होतो. मी ११ वर्षं एकाच मापाचं भोक पाडतोय. बायकोला वाचून दाखवलं, तर म्हणे स्मिथभावजींना बरोब्बर कळलं.

खोडसाळ: 😂😂 वहिनींना नमस्कार.
पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाचं 'कॅपिटल' घेतलं होतं. भांडवलावरचा परतावा अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या दरापेक्षा जास्त राहिला की पैशाकडे पैसा. आजी हे फुकटात सांगायची. अर्थात शतकांचे आकडे गोळा केलेत, ते मानलं. सध्या माठाखाली आहे.

गोदाकाठची: ओलं होईल ना!

खोडसाळ: खाली प्लास्टिक घातलंय.

निफाडकर: बाबासाहेबांचं ते मराठीत सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, मिळेल का? गुरुवारी नाशकात येतोय, दाढेचं काम आहे.

सुमनकाकू: दाढेला लवंग धरा तोवर. माझा भात लागला, असो. त्या समासाचा फोटो टाक ना.

गोदाकाठची: उद्या उजेडात काढते काकू. पेन्सिल फार फिकी झालीये.