यावल-पाल भागात पर्यटकांसाठी बारमाही निसर्गफेऱ्या: कोणत्या महिन्यात काय ठेवावं?

सुकीकाठ:
रामराम मंडळी. पाल (ता. रावेर) भागातल्या आमच्या वन समितीला ऋतूप्रमाणे निसर्गफेऱ्या सुरू करायच्या आहेत. पाड्यांवरची तडवी आणि पावरा समाजाची काही तरुण मुलं-मुली वाटाडे व्हायला तयार आहेत, जंगल त्यांना पाठ आहे. येणारी मंडळी बहुतेक जळगाव-भुसावळकडची, रविवारची, लेकराबाळांसह. गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न "वाघ दिसेल का?" विचारायचं असं: कोणत्या महिन्यात काय ठेवावं, एका वाटाड्यामागे माणसं किती, आणि पावसाळ्यात व मे महिन्यात काही ठेवावं की नाही?

अंजन:
भाऊ, वाघाच्या नावावर एकही फेरी लावू नका. ज्या महिन्यात जे हमखास दिसतं, त्याच्याच नावाची फेरी लावा. "पळस फेरी" म्हटलं आणि पळस फुललेला दिसला, की माणूस समाधानाने घरी जातो. "जंगल सफारी" म्हटलं की तोच माणूस नाराज होऊन परततो.

आधी परवानगी. वाट यावल अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ आणि २८ प्रमाणे परवान्याशिवाय प्रवेश नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे वर्षभराच्या तारखा, वाटेचा नकाशा आणि वाटाड्यांची नावं एकदमच लेखी द्या. दर वेळी नवा अर्ज करत बसलात तर हंगाम निघून जातो.

एका तुकडीत १२ माणसं, वाटाडे दोन: एक पुढे, एक मागे. मागचा जास्त जाणता असावा, कारण लहान मूल मागे रेंगाळतं आणि फोटो काढणारा वाट सोडतो. अंतर २ किलोमीटर, वेळ २ तास. याहून लांब नेलं की दुसऱ्या तासात सगळ्यांचं लक्ष फक्त पायांकडे राहतं.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर फुलपाखरं. ही फेरी पहाटे ठेवू नका. अंग उन्हाने तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही, त्यामुळे साडेनऊ ते साडेअकरा ही वेळ. नाल्याकाठच्या ओल्या मातीवर ती क्षार शोषायला थव्याने बसतात, तिथे १० फुटांवर थांबून पाहायचं. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो, शाळा तेव्हाच बोलवा.

नोव्हेंबर ते जानेवारी पक्षी. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. आपल्याकडचं मोठं धन म्हणजे रानपिंगळा, जंगलात राहणारं छोटं घुबड. १८८४ नंतर तो कुणाला सापडला नव्हता, नामशेष झाला असं धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो पुन्हा दिसला, तोही आपल्याच शहाद्याजवळ. हा पिंगळा दिवसा वावरतो, सकाळी उघड्या फांदीवर ऊन खात बसतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा आणि पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. वाटाड्यांना एवढा फरक नीट शिकवा. एक नियम मात्र कडक ठेवा: मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही. हिवाळा हा त्याच्या विणीचा काळ. आवाज ऐकून तो आपली हद्द राखायला धावून येतो, घरट्याची ढोली तेवढा वेळ उघडी पडते. ढोलीची जागा पर्यटकाला सांगायचीच नाही.

पूर्णाकाठ:
पक्ष्यांसाठी हतनूर धरणाचं पाणी सोडू नका. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, तिथे डिसेंबर-जानेवारीत चक्रवाक आणि पट्टकदंब हंस येतात. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. समोर ऊन असेल तर सगळीच बदकं काळी दिसतात आणि ओळख पटत नाही. दुर्बीण ८×४२ ची (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या. १२ पट मोठं दाखवणारी घेतली तर नवख्याच्या हातात थरथरते आणि पक्षी सापडतच नाही. तिघांत एक दुर्बीण पुरते. महाशिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळा.

वाटसरू_धुळे:
पावसाळ्याबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याच्या पात्रातून जाणारी कुठलीही वाट बंद ठेवा, धबधब्याखाली आंघोळ तर नकोच. पाऊस वर सातपुड्यात पडतो, खाली आभाळ मोकळं असतं, आणि पाणी काही मिनिटांत चढतं. वाटाड्यांना खुणा घोटवा: निवळ पाणी एकदम गढूळ होणं, पालापाचोळा आणि काड्या वाहून येणं, वरून घरघर ऐकू येणं. यातली एक जरी दिसली तरी सामान तिथेच सोडून काठावर चढायचं, आणि जिथे उभे आहात त्याच काठावर. पलीकडे गाडी आहे म्हणून ओलांडायला जाणं, यातच माणसं जातात.

सर्पदंश झाला तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काही नको. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, १०८ ला कळवा. डोंगरात फोन सगळीकडे लागत नाही, म्हणून वाटेवर कुठे लागतो ती ठिकाणं आधीच नकाशावर मांडून ठेवा.

सुकीकाठ:
फार उपयोगाचं सांगितलंत. आता उन्हाळ्याचं? मोह वेचणं दाखवायचा विचार आहे. रात्रीचं काही करता येईल का?

अंजन:
मोह जरूर दाखवा, मार्च-एप्रिलमध्ये. पण उजाडायच्या आत मोहाखाली कुणाला नेऊ नका. फुलं पहाटे गळतात आणि अस्वलही त्याच वेळी येतं. टक्क उजेड पडल्यावर, बोलत बोलत जायचं. ज्या कुटुंबाचं झाड आहे त्यांना आधी विचारा आणि फेरीच्या शुल्कातला वाटा द्या, कारण पाहुण्यांच्या पायाखाली तुडवलं जाणारं फूल ही त्यांची कमाई आहे. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात. त्याऐवजी जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली तर फूल स्वच्छ मिळतं आणि भावही बरा येतो. हे पाहुण्यांसमोर करून दाखवा, पाड्यावरही पटेल.

मे महिन्यात फेरी ६ ला सुरू, साडेआठला संपलीच पाहिजे. माणशी २ लिटर पाणी गाडीतून उतरतानाच तपासा. ओआरएसची पुडी अंदाजाने पेल्यात कालवू नका, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. बुद्धपौर्णिमेचं मचाण (रात्रभर पाणवठ्यावर बसून प्राणी पाहणं) वनविभागाकडूनच ठरतं, ते तुमच्या यादीत धरू नका.

सूर्यास्तानंतर अभयारण्यात कार्यक्रम नकोच. गावच्या मैदानावर मात्र दोन गोष्टी होतात. पावसाळ्यात उघडीप असेल तेव्हा अमावास्येच्या आसपास रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांचा पडदा: ६×८ फुटांची पांढरी सुती चादर ताणून त्यावर दिवा. दोन तासांत दिवा बंद करून चादर हलकेच झटका, नाहीतर सकाळी कोतवाल आणि साळुंक्या सगळे पतंग टिपून नेतात. आणि डिसेंबरात आकाशदर्शन: १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्या वर्षी चंद्र किती वाजेपर्यंत आहे ते पंचांगात पाहून वेळ ठरवा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद दुहेरी लावा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकाने मोबाईल उघडला की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं, म्हणून फोन सुरुवातीलाच टोपलीत जमा करा.